दिवसा उचललेली पेटी

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. 'पाण्याच्या टाकीखालचं आग्या मोहोळ काढायला रविवारी माणूस येणार आहे. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. सर्वांनी खिडक्या बंद ठेवाव्यात.' खाली लगेच जोडलेले हात, अंगठे, एकाने तर फुलांचा गुच्छ पाठवला. नांदेडात फेब्रुवारीचं ऊन सकाळी नऊलाच बोचायला लागतं, मी ऑटोत घामाघूम झालेली, त्यात हे. मी लिहिलं, 'परीक्षेचा आणि मधमाश्यांचा संबंध काय?' मग सेक्रेटरींनी लिहिलं, 'मॅडम, लेकरांचं वर्ष आहे.'

लेकरांचं वर्ष! हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं, आणि ते आजचं नाही. माझं वर्ष आहे म्हणून आमच्या परसातून एक पेटी उचलली गेली होती. त्याला वीसच्या वर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणसाचा राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. दरवर्षी माघ सरता सरता, कडुनिंबाची पानं गळायला लागली, की तो नव्याने फुटतो. शांतपणे लिहायचं ठरवून बसले आहे, पण ते जमेलसं दिसत नाही.

लातूरला आमचं घर धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत. पुढे दोन खोल्या, मागे पडवी, पडवीमागे परस. परसात एक कडुनिंब, एक शेवगा, धुण्याचा दगड आणि शेवग्याच्या सावलीत लाकडी घोडीवर मधमाश्यांची पेटी. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे चारी पाय पाणी भरलेल्या डब्यांत ठेवलेले असत. अण्णा, म्हणजे माझे वडील, डाळमिलमध्ये फिटर होते. घरातलं बाकी सगळं त्यांच्या नावाने ओळखलं जायचं, अण्णांची सायकल, अण्णांचा रेडिओ, अण्णांची खुर्ची. पेटी तेवढी आईची होती. तिचं माहेर विदर्भाच्या शिवेवरचं, हदगावकडचं. तिचे वडील माहूरच्या डोंगरात जाऊन मोहोळ झाडून आणायचे, म्हणून तिला लहानपणापासून माश्यांचं भय नव्हतं. लग्नानंतर कुठल्याशा सरकारी योजनेत पंधरा दिवसांचं शिक्षण होतं, तिथे ही जाऊन बसली आणि पेटी घेऊन घरी आली. अण्णांना विचारलं वगैरे काही नव्हतं.

हदगावची असल्यामुळे तिच्या बोलण्यात सारखं 'राहिली' आणि 'राहिल्या'. "माश्या पाणी आणून राहिल्या," असं ती म्हणाली की गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. ती त्यांना तिथल्या तिथे सुनवायची. माझी आई भांडखोर होती, आणि हे मी कौतुकाने सांगते आहे. नळावर, रॉकेलच्या रांगेत, पिठाच्या गिरणीत तिने कुणाचं म्हणून ऐकून घेतलं नाही. एकदा एसटीच्या कंडक्टरला तिने भर रस्त्यात गाडी मागे घ्यायला लावली होती, कारण एक म्हातारी खाली राहिली होती. तिची ही ख्याती गल्लीभर होती, म्हणूनच पुढे जे झालं ते मला कधी उलगडलं नाही.

त्या दिवसांत लातूरच्या चारी बाजूंना करडई आणि सूर्यफूल असायचं. आता पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात हरभरा, मध्ये माश्यांनी काय खायचं ते त्यांनी बघावं. करडईचा फुलोरा ओसरला की आई रोज सकाळी पेटीचं झाकण बोटाने वाजवून बघायची. मग एक दिवस म्हणायची, "पिकला." त्या दिवशी शाळेला दांडी, ती अधिकृत. सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन चढून कामकरी माश्या बाहेर गेल्या की आई साडीवरून अण्णांचा फुल बाह्यांचा शर्ट घालायची, डोक्याला ओढणी गुंडाळायची आणि फुटक्या मडक्यात तरटाचा तुकडा पेटवायची. "धूर दाखवाचा असते, कोंडाचा नसते," हे दरवर्षी सांगायची. झाकण निघालं की आतून ऊबदार मेणाचा वास यायचा, त्याला थोडी आंबूस किनार. वरच्या मजल्यातली एकेक चौकट ती उचलायची, मोराच्या पिसाने माश्या हळूच झटकायची. पांढऱ्या मेणाने बंद झालेलं तेवढंच कापायचं. खालच्या मजल्यात त्यांची पिल्लं आणि त्यांचा शिधा, तिकडे हात घालायचा नाही. "खालचं त्यायचं," ती म्हणायची, आणि यात कधी फरक पडला नाही.

आमच्याकडे मध काढायचं यंत्र नव्हतं. कापलेलं पोळं मलमलच्या फडक्यात बांधून पडवीच्या आढ्याला टांगायचं आणि खाली पितळी पातेलं ठेवायचं. दोन दिवस ते ठिबकत राहायचं. घरातल्या कड्याकोयंड्यांपासून माझ्या वह्यांपर्यंत सगळं चिकट होऊन जायचं. मेण चघळून जबडे दुखायचे. मग धुऊन वाळवलेल्या औषधाच्या बाटल्या भरून गल्लीत घरोघर एकेक जायची. सूर्यफुलाचा मध लवकर थिजतो, रवाळ होतो. एका वर्षी समोरचे नागनाथकाका बाटली उजेडात धरून म्हणाले, "वहिनी, साखर घातल्यावानी दिसायलंय." आईने त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि पुढची तीन वर्षं त्या घरी मध गेला नाही. काका चौथ्या वर्षी स्वतः मागायला आले.

मी चौथीत होते तेव्हा भूकंप झाला. किल्लारीकडे काय झालं ते मी इथे दोन ओळींत सांगणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. आमच्या गल्लीत भिंती तडकल्या, एक कठडा पडला, माणसं वाचली. झोप मात्र पार गेली. साधा ट्रक गेला तरी बाया लेकरं उचलून बाहेर धावायच्या. सगळी गल्ली रस्त्यावर बाजा टाकून निजू लागली, पुढे थंडी पडली तरी कुणी आत जाईना. अशात शेजारच्या मुमताजखालांनी एक गोष्ट सांगितली. त्यांचे मियाँ रजया भरायचे, दोघांचं घर आमच्या भिंतीला लागून. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी खालांनी भिंतीवरून पाहिलं होतं की आमच्या पेटीच्या तोंडाशी माश्यांचा हा एवढा झुपका बाहेर येऊन लोंबत होता. "उनको मालूम था, भाभी," खाला छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मक्ख्यांना समदं मालूम होतं."

आईने सांगून पाहिलं. पेटीत उकाडा झाला की माश्या बाहेर येऊन बसतात, त्यात भूकंपाचं काही नाही, ऊन तापलं की दरवर्षी बसतात. कोण ऐकतंय! दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आमच्या परसात दहा-बारा माणसं उभी. "काय म्हनायल्यात माश्या?" आईने एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग वाकून पेटीला कान लावला, चांगला मिनिटभर, आणि म्हणाली, "गप हायेत. जा, आत झोपा." आणि माणसं आपापल्या घरात जाऊन झोपली. तिथून पुढे तो नेमच झाला. रोज संध्याकाळी गल्ली येणार, आई पेटीला कान लावणार, गल्ली झोपणार. नागनाथकाका तर दोनदा विचारायचे. मी आईला एकदा धरलं, "खरंच कळतं का गं त्यांना?"

"न्हाई," ती म्हणाली. "पण लोकायला झोप लागून राहिली न्हाई. मंग काय करू?"

हे सगळं मला लिहून ठेवायचं आहे. कारण ती माणसं हे विसरली, आणि इतक्या लवकर विसरली की आजही माझा विश्वास बसत नाही. पुरतं दीड वर्ष ती माणसं माझ्या आईच्या शब्दावर आपापल्या छपराखाली झोपली होती.

मग लातूरला मार्कांचं वेड लागलं. बाहेरगावची मुलं शिकवण्यांना यायला लागली, उदगीरची, निलंग्याची, देगलूरची, पार नांदेडचीसुद्धा. भूकंपानंतर हलकं छप्पर बरं म्हणून लोकांनी पत्रे आणून ठेवले होते, तेच पत्रे आता परसात बांधलेल्या खोल्यांवर चढले. झाडं गेली, धुण्याचे दगड गेले, प्रत्येक घरामागे किरायदार आले. एका खोलीत तीन खाटा आणि भिंतीवर सूत्रांचे कागद. पहाटेपासून सायकली, क्लासच्या बॅगा, झेरॉक्सची दुकानं. आणि गल्लीत आवाज करायचा नाही. कुकरची शिट्टी धरून ठेवायची, रेडिओ बंद, लग्नाची वरात कोपऱ्यावरून मुकी न्यायची. खालांच्या मियाँना सांगण्यात आलं की कापूस पिंजायचा तो गावाबाहेर. तो गरीब माणूस रोज पिंजण खांद्यावर टाकून रिंगरोडच्या कडेला बसू लागला. जमीन हलली तेव्हा ही गल्ली एकमेकांना धरून रस्त्यावर आली होती. आता कुणाचा खोकला ऐकू आला तरी कपाळाला आठ्या.

माझी बारावी आली तेव्हा परस राहिलेलं घर आमचं एकट्याचं होतं. त्यामुळे नागनाथकाकांच्या किरायाच्या खोलीतल्या मुली पाठांतराला आमच्या कडुनिंबाखाली यायच्या. हातात वही, ओठ हलताहेत, इकडून तिकडे फेऱ्या. त्यातली एक उदगीरकडची मुलगी नेमकी पेटीच्या तोंडासमोरून येरझाऱ्या घालायची. माश्या जिथून ये-जा करतात तिथे भिंतीसारखं उभं राहिलं तर त्या किती वेळ ऐकून घेतील? आईने तिला तीनदा सांगितलं, "बाई, त्यायच्या वाटेवरून नको फिरू." तिचं लक्ष असेल तर ना, ती कार्बनची संयुगं पाठ करत होती. चौथ्या दिवशी पापणीवर डंख बसला, डोळा मिटून गेला. निरोप गेला, तिचे वडील धावत आले. शेतकरी माणूस. त्यांनी मुलीचा डोळा पाहिला, पेटी पाहिली, आणि म्हणाले, "माशीच हाय की. आमच्या वावरात रोज चावत्यात." दुपारच्या गाडीने ते परत गेले. ज्याच्या लेकराला चावली त्याची तक्रार नव्हती.

तक्रार गल्लीची होती. संध्याकाळी सहा-सात माणसं अण्णांपुढे येऊन बसली, पुढे नागनाथकाका, शेवटी मान खाली घालून खालांचे मियाँ. "फिटरसाहेब, ही गोष्ट बाहेर गेली तर आमच्या खोल्यांत कोन राहील? अन् तुमच्या बी पोरीची बारावी हाय." कुणी पेटीकडे बघत नव्हतं. आई पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता एकेकाची धडगत नाही. पण ती बरंच सबुरीने बोलली. "आठ दिस द्या. मध पिकत आला. तेवढा काढते, मंग दिस मावळला की पेटीचं तोंड बंद करून भावाच्या वावरात नेऊन ठेवते. दिसा हलवता येत न्हाई, माश्या बाहेर असतात." हा तिचा सगळा युक्तिवाद. माणसं उठून गेली. अण्णा म्हणाले, "बघू." आई घागर उचलून नळाकडे गेली.

मग अण्णांनी मला हाक मारली. ते वाईट माणूस नव्हते. भिडस्त होते, आणि मला आता वाटतं की ते आणखी वाईट. त्यांनी मला विचारलं, "खरं सांग, तुला त्रास होतो का गं माश्यांचा?"

मी म्हणाले, "हाव, होतो."

खोटं. साफ खोटं. त्या गुणगुणीवर मी लहानाची मोठी झाले होते, ती बंद पडली तरच मला चुकल्यासारखं झालं असतं. मला त्रास होत होता फिजिक्सचा. त्याच दुपारी क्लासच्या सरांनी माझा सराव पेपर सगळ्या वर्गापुढे धरून वाचून दाखवला होता आणि मुलं हसली होती. त्या संध्याकाळी मला कुणीही विचारलं असतं, नळाचा त्रास होतो का, शेवग्याचा होतो का, आईचा होतो का, तर मी हाव म्हणाले असते. कुणावर तरी ढकलायचं होतं. माश्यांना बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर बाराला हातगाडा आला. अण्णा, काका आणि आणखी दोघे. आई पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. "दिसा उचलू नका," ती म्हणाली, "माश्या बाहेर हायेत." काका म्हणाले, "वहिनी, गाडा आत्ता मिळालाय." त्यांनी पेटीच्या तोंडात ओलं तरट कोंबलं, दोरी आवळली. मध भरलेला होता म्हणून दोघांना उचलेना, तिसरा लागला. मी खिडकीत वही घेऊन बसले होते आणि आईकडे बघत होते. भांड की! एसटी मागे घ्यायला लावणारी बाई, आता भांड की! मी सांगितलेलं खोटं तिने येऊन मोडून टाकावं, एवढीच माझी इच्छा होती. ती खांबाला टेकून उभी राहिली. गाडा कोपऱ्यावरून वळला, तसं तिने आत जाऊन पीठ मळायला घेतलं.

तासाभरात माश्या परत यायला लागल्या. पायांना पिवळे गोळे लावून, भरल्या अंगाने, सरळ शेवग्याखाली. घोडी होती, पेटी नव्हती. त्या हवेत तिथल्या तिथे घिरट्या घालत राहिल्या, जिथे पेटीचं तोंड होतं त्याच उंचीवर. संध्याकाळपर्यंत रिकाम्या घोडीवर ताटाएवढा गोळा झाला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच. मुमताजखाला येऊन आईजवळ बसल्या. गल्लीत मात्र गलका, "आता तर लईच झाल्यात!" तिसऱ्या दिवशी कुणीतरी ढेकणांचं औषध पंपात भरून आणलं. कोण होतं ते मला माहीत आहे, पण नाव लिहून काय उपयोग. मी खिडकी लावून घेतली. काचेतून दिसायचं ते दिसलंच. नंतर आईने सुपात सगळ्या माश्या झाडून घेतल्या आणि शेवग्याच्या मुळाशी खड्डा करून त्यावर माती लोटली. पेटी कुणाच्या तरी शेताच्या बांधावर ठेवली होती, ती आठ दिवसांत कुणीतरी फोडून मध नेला. आई बघायला गेली नाही.

एवढं करून मला मेडिकलला नंबर लागला नाही. चांगले मार्क पडले, पण पुरले नाहीत. मी नांदेडला एका कचेरीत नोकरी करते, फायली पुढे सरकवते, आणि त्यासाठी कुठल्याही मधमाशीने मरायची गरज नव्हती. पेटीच्या जागी अण्णांनी खोली बांधली. तिच्यात राहून गेलेल्या दोन मुली आज डॉक्टर आहेत म्हणे. त्यांचं भलं होवो. लातूरला गेले की चौकाचौकात मुलांच्या चेहऱ्यांचे फलक, मार्क चेहऱ्यापेक्षा मोठे. मला त्या चेहऱ्यांचा राग येत नाही. त्या फलकामागे कुठल्या घरात काय काय गप्प केलं गेलं, हे कुणी विचारत नाही, त्याचा येतो. नागनाथकाका गेले तेव्हा मी भेटायला गेले, चहा घेतला, आणि रागातच परत आले. अण्णांवर राग धरून ठेवला, तेही गेले. सगळ्यात जास्त राग मात्र आईवर. जगाशी भांडली आणि स्वतःच्या पेटीसाठी एक शब्द जास्तीचा बोलली नाही. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण मग माझं 'हाव' सांगावं लागलं असतं.

रविवारी माणूस आला. मी खाली जाऊन सेक्रेटरींशी भांडले. मोहोळ उंचावर आहे, कुणाच्या वाटेत नाही, पंधरा दिवसांत आपणहून उठून जाईल. ते हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही भावनिक होऊन राहिल्या." मी वर आले. आई आता माझ्याकडेच असते. ती बाल्कनीत हरभऱ्याची डहाळी घेऊन सोलत बसली होती. बाल्कनीचं दार तिने उघडंच ठेवलं होतं. टाकीकडून धूर येत होता आणि गच्चीवर माश्यांचा ढग उठला होता. माझा संयम सुटला. त्या सेक्रेटरीवरचं, काकांवरचं, सगळ्या गल्लीवरचं मी तिच्यावर काढलं.

"तू त्या दिवशी कामून भांडली नाहीस? साऱ्या दुनियेशी भांडलीस. पेटी उचलताना खांबाला टेकून नुसती उभी राहिलीस! का?"

ती घाटे सोलत राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग मीच बोलून टाकलं, एवढ्या वर्षांनी, ओरडून.

"अण्णांनी मला विचारलं होतं, आई. त्रास होतो का म्हणून. मी हाव म्हणाले."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"तू तर नळावर गेली होतीस."

"गेलेच नव्हते. घागर घेऊन पडवीतच उभी होते." तिने हातातला घाटा फोडला, दाणा ताटात टाकला. "तू न्हाई म्हणशील, मंग आत येते अन् एकेकाला बघते, असं म्हणून थांबून राहिले होते."